फ्रॉकची उलटी बाजू

१२ जानेवारी

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलेलं तुला आवडत नाही हे ठाऊक आहे. पण तुझ्या दादाची बायको झाल्याचा एवढा एक हक्क तरी मला राहू दे.

परवा पहाटे अर्धवट जागेपणी एक खोली दिसली. खिडकी उघडी, आत कोणी नाही, आणि हवेत त्या कापसाळ बियांच्या म्हाताऱ्या तरंगत होत्या. लहानपणी सगळीच पोरं ज्यांच्यामागे धावतात त्याच. एकही खाली बसत नव्हती. मी उठले ती तोंडही न धुता कापड छापायचा नवा ठसा कोरायला बसले. तुझे दादा चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ मागे उभे होते म्हणे, मला पत्ताच नाही.

सोबत तुकडा पाठवते आहे. कापड फोनवर दिसतं, पण हाताला लागत नाही, म्हणून हा पत्रांचा खटाटोप. निळा रंग मुद्दाम फिका ठेवलाय, दिवस संपल्यावर आभाळात थोडा वेळ रेंगाळतो तसला. या नक्षीला वर-खाली नाही. कापड कसंही धर, एकही म्हातारी डोक्यावर उभी राहत नाही. कुठूनही बघणाऱ्याला ती आपल्याकडेच येतेय असं वाटलं पाहिजे, असं माझ्या डोक्यात होतं.

याच नक्षीच्या कापडातून एका खिडकीचे दोन पडदे आणि एक फ्रॉक शिवून हवा. गिऱ्हाइकाची मुलगी आठेक वर्षांची आहे. माप साधारण धर. घाई नाही. म्हणजे, तशी आहे.

तुझी वहिनी


२१ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुकडा मिळाला. हात लावला आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर गालाला लावला. आता कौतुक संपलं, तक्रारी ऐक.

तुझं कापड मी दारावर टांगलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या दातांच्या डॉक्टरणीकडे गेले. तिच्या खिडकीतून माझं दार सरळ दिसतं. डोळे किलकिले करून बघितलं, आणि बाईसाहेब, तुमच्या म्हाताऱ्यांच्या मधून एक पांढरा पट्टा वरपासून खालपर्यंत गेलाय! जवळून काही कळत नाही. ठशाला ठसा जोडताना डाव्या कडेला जागा मोकळी राहिलीय तुझी. एका तुकड्यात खपून जाईल, पण अख्ख्या पडद्यात तो पट्टा भांगासारखा दिसेल. डॉक्टरणीलाही दिसला, आणि ती बाई दाताखेरीज काही बघत नाही.

आता दुसरं. "माप साधारण धर" म्हणजे काय गं? इतकी वर्षं तू मला कापड पाठवतेस, कुणाच्या उशीच्या अभ्र्याचं मापसुद्धा तू बोटभर चुकवलं नाहीस. आणि पोरीचा फ्रॉक अंदाजाने? कोणतं गिऱ्हाईक पोरीचं माप न देता फ्रॉक शिवायला टाकतं? घाई नाही आणि आहेही?

दादाला फोन केला. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही तो माझा भाऊ हवापाण्याच्या गप्पा मारत बसला. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की पाणी मुरतंय कुठेतरी. खरं सांग. नाहीतर कात्री लावणार नाही.

तुझी (वन्सं नव्हे) नणंद


२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

हरले. गिऱ्हाईक मीच आहे.

अनाथ मुलांच्या संस्थेकडून आम्हाला एक मुलगी दत्तक मिळायची आहे. मागे दोन वेळा होता होता राहिलं, तेव्हा तू माझ्याहून जास्त रडली होतीस. म्हणून या वेळी ठरवलं होतं, ती दारात येऊन उभी राहीपर्यंत तुला सांगायचं नाही. तुझ्या दादांना मी शपथ घातली होती. त्यांना रागावू नकोस, बिचारे त्या शपथेने आजारी पडायचे बाकी होते.

आम्ही तिला एकदाच पाहिलं. ती दाराशी उभी होती. तिचे खांदे कडीच्या खाली येत होते, तेवढं मी डोळ्यांनी मोजून घेतलं. घरी येऊन आपल्या दाराला कडी त्याच उंचीवर आहे का ते बघितलं. नाही. मग तुझ्या दादांनी आठवून आठवून भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि आम्ही दोघं वेड्यासारखे त्या रेघेपुढे उभे. म्हणून माप साधारण.

मार्चमध्ये ती येईल. सहा महिने आपल्याकडे राहील. मग संस्थेच्या बाई येतील आणि तिला एकटीला बसवून विचारतील, इथे राहायचं आहे का. ती मोठी आहे, त्यामुळे तिचा शब्द शेवटचा. ती नाही म्हणाली तर नाही. आम्हाला कोणी काही विचारणार नाही.

मला माणसांशी चटकन बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. मला येतं ते कापड छापणं, एवढंच. म्हणून वाटलं, तिने खोलीत पाऊल टाकल्याबरोबर माझ्याऐवजी ते कापडच तिच्याशी बोलेल.

पट्टा दुरुस्त केला. डाव्या कडेला आणखी दोन म्हाताऱ्या कोरल्या, एक लहान, एक अर्धी. ती अर्धी शेजारच्या ठशात जाऊन पुरी होते. मग कापड खोलीच्या टोकाला टांगलं आणि पापण्या मिटत मिटत पाहत राहिले. पट्टा गेला. नुसतं तरंगणं उरलं. तिथेच खुर्चीत माझा डोळा लागला, आणि झोपेतही तेच कापड हलत होतं.

पुरतं कापड सोबत पाठवते आहे. आता तरी कात्री लावशील?

तुझी वहिनी


२४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

मी रडले नाही. फक्त मशीनवर दोरा ओवायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

पार्सल मिळेल. पडदे लांब ठेवलेत, जमिनीला टेकतील इतके, मुलांना पडद्यामागे लपायला आवडतं. फ्रॉकला पुढे दोन खिसे, खोल. मुलीच्या फ्रॉकला खिसे न ठेवणाऱ्या शिंप्यांना काय म्हणावं ते पत्रात लिहिता येत नाही. बटणं मागे न लावता पुढे लावलीत, म्हणजे घालायला तिला कुणाची मदत लागणार नाही. पहिल्या दिवसांत परक्या माणसाला पाठ करून उभं राहायचं म्हणजे नकोच वाटत असेल.

दादाला म्हणावं, पोरगी आल्याबरोबर विनोद सांगायला सुरुवात करू नकोस. त्याचे विनोद ऐकून मोठी माणसं घर सोडून गेलीत.

आणि तू घाबरू नकोस. एवढ्या मायेने केलेलं कापड आहे, कोणाला आवडणार नाही?

तुझी नणंद


१९ मार्च

प्रिय वन्सं,

ती आली. एक लहान पिशवी घेऊन, आणि ती पिशवी आम्हाला धरू न देता.

खोलीत शिरली, पडद्यांकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पलंगाकडे. पडद्याला हात लावला नाही. मी तुझा फ्रॉक पलंगावर पसरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तो घालून बाहेर आली, आणि वन्सं, तिने तो उलटा घातला होता. शिवणी बाहेर, नक्षी आत. मला वाटलं, चुकून. हसून म्हटलं, "अगं, उलटा झाला." ती म्हणाली, "माहीत आहे."

तेव्हापासून रोज तसाच. खिसे आत गेलेत, हात घालायला कुठे जागा नाही. बाहेरून कापडाची ती पुसट, धुतल्यासारखी बाजू दिसते, जिथे माझ्या म्हाताऱ्यांची नुसती सावली उतरलीय. माझ्याशी ती वाईट वागत नाही. ताट उचलते, विचारलं की उत्तर देते. मला हाक मात्र कशानेच मारत नाही. समोर येऊन उभी राहते आणि मी वर बघेपर्यंत थांबते.

मी काहीतरी चुकले. नक्षी फार फिकी झाली असेल, किंवा फार लहान मुलांची. तिच्याशी जे बोलायचं होतं ते तिला नकोसं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण मला वाईट वाटलं. खूप वाटलं.

तुझी वहिनी


२८ मार्च

प्रिय वहिनी,

नक्षीला काय धाड भरलीय! नक्षी उत्तम आहे. चूक माझी आहे आणि मला चांगलीच ठाऊक आहे.

खांद्याच्या शिवणींच्या कडा मी आतून नुसत्या कापून सोडल्या. पोरीच्या कातडीला टोचत असणार. लहान मुलं टोचतं म्हणून सांगत नाहीत, सरळ उलटं करून मोकळी होतात. मी स्वतः मोजे उलटे घालायची, आठवतंय? बरोबर, तुला कसं आठवेल, तेव्हा तू या घरात कुठे होतीस. दादाला विचार.

दुसरा फ्रॉक पाठवतेय, तुझ्याच उरलेल्या कापडाचा. एकही कड उघडी नाही, सगळ्या शिवणी दुमडून आत बंद केल्यात. आतून हात फिरवून बघ, लोण्यासारखा लागेल. हा सरळ घातला नाही तर मी मशीन विकून डॉक्टरणीकडे दात उपटायला बसेन.

हाक मारत नाही म्हणून झुरू नकोस. जीभ आहे, केव्हातरी सुटेल.

तुझी नणंद


२२ एप्रिल

प्रिय वन्सं,

दात उपटायला बस. दुसराही उलटाच.

मी दरम्यान आणखी तीन नक्ष्या काढल्या. मासे काढले, मग नुसती पानं, मग मोठे ठसठशीत ठिपके, म्हटलं तिला धीट काहीतरी आवडत असेल. प्रत्येक तुकडा तिच्यापुढे ठेवला. तिने प्रत्येकाला "छान आहे" म्हटलं, अगदी सारख्याच आवाजात. आता ठसे तसेच पडलेत. हल्ली सकाळी जाग येते तेव्हा डोळ्यांपुढे काहीच नसतं, नुसता पांढरा गारवा असतो, न छापलेल्या ताग्यासारखा. सप्टेंबर जवळ येतोय असं मला एप्रिलमध्येच वाटायला लागलंय.

एक गंमत मात्र सांगायची आहे. ती हाक मारायला लागली! मी तुझी पत्रं, तिच्याविषयीचं गाळून, तिला वाचून दाखवते, तिला ती आवडतात, विशेषतः डॉक्टरणीचा भाग. परवा मी रंग कालवत होते आणि मागून आवाज आला, "वहिनी, पाणी उकळलं." मी वळून पाहिलं तर तीच. तुझ्या पत्रात वरती तेच लिहिलेलं असतं ना, तिला वाटलं माझं नाव तेच. आणि ह्यांना दादा म्हणते. शेजारच्या बाईंनी ते ऐकलं आणि हसून पुरेवाट झाली त्यांची. मी तिला दुरुस्त केलं नाही. करू का?

तुझी वहिनी


१ मे

वहिनी,

खबरदार दुरुस्त केलंस तर!

एकत्र घरांत पूर्वी असंच असायचं. सगळे जिला वहिनी म्हणत तिला तिची पोरंही वहिनीच म्हणायची, आणि म्हणून ती काही कमी आई नव्हती. आता माझ्या दादाची मुलगी माझ्या दादाला दादा म्हणते, म्हणजे ती माझी बहीण, आणि तुझी नणंद! भोग आता, दोन दोन नणंदा.

फ्रॉकचं मात्र माझ्याही डोक्यात शिरत नाही. शिवण नाही, नक्षी नाही, मग काय? तू तिला आडून आडून तुकडे दाखवत बसण्यापेक्षा सरळ विचारलंस का कधी? का घालतेस उलटा, एवढंच? नाही ना? तुम्ही दोघं नवरा-बायको स्वप्नं बघायला हुशार, पण विचारायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी.

विचार. मग मला कळव.

तुझी एक नंबरची नणंद


९ जून

प्रिय वन्सं,

महिना लागला मला विचारायला. आणि विचारलं तेही शेवटी इस्त्रीच्या निमित्ताने.

दुपारी कपड्यांना इस्त्री करत होते. फ्रॉक सुलटा करायला घेतला तशी ती धावत आली, "सरळ नको. दिसेल." मी म्हटलं, "कुणाला?" म्हणाली, "सगळ्यांना." मी इस्त्री बाजूला ठेवली. म्हटलं, "मला नीट सांगशील? मी रागावणार नाही."

मग तिने सांगितलं, भूगोलाचा धडा म्हणावा तसं. तिथे, संस्थेत, सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जायचे आणि सकाळी एकाच ढिगात यायचे. जी आधी उठेल ती हवा तो घेई. कुठलाच कपडा कुणाचा नव्हता. एखादीच्या अंगावर चांगला फ्रॉक दिसला की दुसऱ्या दिवशी तो दुसरीच्या अंगावर. म्हणून आवडता कपडा उलटा घालायचा, उलटाच धुवायला टाकायचा, उलटाच ढिगात राहू द्यायचा. जुनाट दिसतो, कोणी घेत नाही. हे तिने स्वतः शोधून काढलं होतं. कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "मग आवडत नाही म्हणून नव्हे?"

माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी काही मीच आठ वर्षांची आहे. म्हणाली, "वहिनी, आवडतो म्हणून उलटा."

वन्सं, मी इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या उभ्या रडले. तिने मला पाणी आणून दिलं. मी तीन-तीन नक्ष्या काढत बसले, आणि ही पोर रोज माझ्या म्हाताऱ्या अंगाशी धरून हिंडत होती.

आता एक विचार आलाय. कापड दोन्ही बाजूंनी छापते. आतबाहेर सारखंच. म्हणजे तिने फ्रॉक कसाही घातला तरी नक्षी बाहेरच राहील. कठीण आहे, रंग एकमेकांत उतरतील, पण जमवीन. आज पहाटे कितीतरी दिवसांनी पुन्हा काहीतरी दिसलं, पाण्याखालून पाहिल्यासारखं. सांग, शिवशील?

तुझी वहिनी


१७ जून

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी मशीनवर वाचलं आणि समोर होता त्या उशीच्या अभ्र्याच्या चारही बाजू शिवून टाकल्या. डोळे पुसून उसवत बसलेय.

दोन्ही बाजूंनी मुळीच छापू नकोस. नाही शिवणार. तुला कळतंय का तू काय करायला निघालीस? त्या पोरीजवळ लपवायला एकच जागा आहे, कापडाची उलटी बाजू, आणि तू तिथेही रंग लावणार? तुला नक्षी दिसायला हवी म्हणून?

रागाने लिहिलंय, पण खोडत नाही. राहू दे तिला उलटा. तिला खात्री पटेल तेव्हा पटेल, न पटेल तर न पटेल. एक कपाट दे तिला, तिचं तिचं. आणि त्यातलं काही तुला धुवायला हवं असलं तरी आधी विचार.

आणि छाप गं, पाण्याखालचं जे दिसलं ते. एकाच बाजूने.

तुझी नणंद


६ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

कपाट दिलं. विचारल्याशिवाय उघडत नाही. तुझ्या दादांनी त्याला आतून घोटून पॉलिश केलंय, बाहेरून नाही. मी म्हटलं हे काय, तर म्हणाले, तिला कळेल.

काल संस्थेच्या बाई आल्या. माझी सकाळपासून पाचावर धारण. बाई स्वभावाने चांगल्या आहेत. आल्या आल्या तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "अगं वेडे, फ्रॉक उलटा घातलास की! ये, सरळ करून देते," आणि बटणं सोडायला हात पुढे केला.

तिने त्यांचा हात झटकला. चांगला जोरात. म्हणाली, "माझा आहे तो. वहिनीने छापलाय, आत्याने शिवलाय. मी कसाही घालीन."

आत्या! तुझं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. पण तेव्हा आनंद कुठला! म्हटलं, संपलं. आता बाई लिहिणार, मुलीला वळण नाही, चिडकी झालीय. मी माफी मागायला तोंड उघडलं तर बाईंनी हातानेच थांबवलं. मग तिला घेऊन त्या खोलीत गेल्या आणि दार लावलं.

आम्ही दोघं बाहेर. आत काय बोलणं झालं ते कळत नव्हतं. तुझे दादा एका खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीवर बसत होते. मी दाराकडे बघतच राहिले, आणि कधीतरी ते दार, भिंत, आमची सावली सगळं पातळ होऊन हलायला लागल्यासारखं वाटलं. मग दार उघडलं. बाई म्हणाल्या, "पत्राने कळवू," आणि गेल्या. चेहऱ्यावरून काही समजलं नाही. तिला विचारायची माझी छाती होत नाही, आणि ती आपणहून बोलत नाही. आत्ता शेजारी बसून काहीतरी लिहितेय. मला दाखवत नाहीये. म्हणतेय, आत्याला पाठवायचंय, याच पाकिटात घाल, पण वाचायचं नाही.

नाही वाचणार. कपाटासारखंच ते. पण तू वाचशील तेव्हा मला फोन कर. पत्राची वाट बघायचं त्राण नाही.

तुझी वहिनी


६ सप्टेंबर

आत्या,

वहिनी म्हणते पत्रात आधी खुशाली विचारायची. कशी आहेस? डॉक्टरीण कशी आहे?

पहिला फ्रॉक आखूड व्हायला लागलाय. गुडघे दिसतात. वहिनीने नवीन कापड छापलंय, पाण्याखालचं. त्यात गवत आहे आणि ते हलतं असं वाटतं. मला ते पाहिजे. मी तिला अजून सांगितलं नाही, कारण ती लगेच रडते.

त्याचा फ्रॉक शिव. खिसे पाहिजेत. घरात मी सरळ घालीन. बाहेर जाताना उलटा. बाहेरचं अजून ठरवलं नाही.

आणि खाली दुमड मोठी ठेव, चांगली चार बोटं. म्हणजे दर वर्षी थोडी थोडी उसवता येईल. शेजारच्या मुलीच्या फ्रॉकला तशी आहे, तिच्या आईने ठेवलीय. त्या बाईंनी मला विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं, की मी इथेच मोठी होणार आहे, तर आत्याला दुमड ठेवायला सांगावं लागेल. बाई म्हणाल्या सांग. म्हणून सांगतेय.

दादा विनोद सांगतो. वाईट असतात. मी हसते.

कापड वहिनी पाठवेल.